दोन, चार, सहा… पण काय? मुलांना टप्प्याने मोजायला शिकवताना

पाहुण्यांसमोर उभं केलं की पहिलीतलं मूल 'पाच, दहा, पंधरा, वीस' असं थेट शंभरपर्यंत घडाघडा म्हणून दाखवतं. टाळ्या पडतात. टाळ्या संपल्यावर त्याच्यापुढे सात चिंचोके ठेवा आणि सांगा, पाचाच्या टप्प्याने मोज. बरीच मुलं एकेका चिंचोक्यावर बोट ठेवत 'पाच, दहा, पंधरा' करत पस्तिसावर जाऊन थांबतात. सात चिंचोके, उत्तर पस्तीस, आणि चेहऱ्यावर शंकेचा लवलेशही नाही.

टप्प्याने मोजणं म्हणजे एकेक वस्तू न मोजता सारख्या आकाराचे गट मोजणं. त्यात मुलाला दोन गोष्टींचं भान एकाच वेळी ठेवावं लागतं: आतापर्यंत किती झाले, आणि किती वेळा उचललं. पुढे पाढा, गुणाकार, भागाकार, घड्याळ, सुटे पैसे हे सगळं याच दुहेरी भानावर चालतं. म्हणून माझा आग्रह असा की आधी हात, मग तोंड, आणि कागद सगळ्यात शेवटी. गाणी लावायला हरकत नाही, पण गाणं येतं म्हणजे मोजणं येतं असं धरू नका.

आधी मूल तयार आहे का ते बघा

तीन छोट्या गोष्टी तपासा. वीस-पंचवीस वस्तू एकेक करून, न गाळता आणि न दुबार मोजता येतात का? आठ चिंचोके मोजून झाल्यावर त्यावर वाटी पालथी घातली आणि 'आत किती?' विचारलं, तर ते लगेच 'आठ' म्हणतं, की वाटी उचलून पुन्हा मोजू लागतं? आणि 'सतरानंतर काय?' याचं उत्तर एकपासून सुरुवात न करता देतं का?

यातलं काही जमत नसेल तर महिनाभर साधं मोजणंच करा. बहुतेक मुलांना सहाव्या-सातव्या वर्षी हे जमतं, काहींना पाचव्यालाच. शेजारच्या मुलाला येतं म्हणून आपल्याला घाई, हे कारण पुरेसं नाही.

साहित्य घरातलंच: शंभरेक चिंचोके, आइस्क्रीमच्या काड्या, रबरबँड, खडू, पाच-दहा रुपयांची थोडी नाणी, आणि एका ओळीत दहा घरं असलेला १ ते १०० चा तक्ता. तक्ता विकतचा नको, वहीच्या पानावर मुलाकडूनच आखून घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळांत दहा-दहा मण्यांचे रंग बदलत ओवलेली शंभर मण्यांची गणितमाळ असते. तशी घरी ओवली तर फारच छान.

जोड्यांपासून सुरुवात

पहिला टप्पा दोनाचा, कारण जोड्या आपोआप दिसतात, मुद्दाम बांधाव्या लागत नाहीत. डोळे, कान, चपला. हळदीकुंकवाला दाराबाहेर जो चपलांचा ढीग पडतो, तो मुलाला जोड्या लावायला द्या आणि लावता लावता मोजू द्या. तुमचा पसारा आवरतो आणि त्याचं गणितही होतं.

नाशकात रविवारची मिसळ हा तर आयता धडा आहे. प्लेटबरोबर जोडपाव येतो. ऑर्डर देऊन झाली की विचारा, 'आपण पाच जण, पाव किती येतील?' मूल प्रत्येकाकडे बोट दाखवत 'दोन, चार, सहा, आठ, दहा' म्हणेल. लगेच दुसरा प्रश्न: 'आणि आठच पाव आले असते तर किती जणांना पुरले असते?' हा प्रश्न उलट बाजूने जातो. तो सोडू नका, भागाकार इथूनच सुरू होतो. प्रश्न रस्सा यायच्या आत विचारा, एवढंच. नंतर कुणाचं लक्ष नसतं.

घरी चिंचोके घेऊन बसलात की ही चाचणी नक्की करा. मुलाला न सांगता तेरा चिंचोके सतरंजीवर पसरा आणि दोनाच्या टप्प्याने मोजायला सांगा. काय होतं ते शांतपणे बघा. एक आजी आणि तिची नात यांच्यात हे साधारण असं घडतं:

'…आठ, दहा, बारा…' नात थांबते. बोटाखाली एकच चिंचोका उरलाय. 'चौदा?'

'त्याचा जोडीदार कुठाय गं?'

'नाहीये.'

'मग?'

ती थोडा वेळ चिंचोक्याकडे बघते. 'बारा आणि हा एक. तेरा!'

जे मूल इथे 'चौदा' म्हणून पुढे निघून जातं, ते अजून गाणंच म्हणतंय. त्याला रागावू नका, समजावूनही सांगत बसू नका. 'त्याचा जोडीदार कुठाय?' एवढंच विचारा. पुढचे काही दिवस कधी अकरा, कधी सोळा, कधी एकोणीस ठेवत राहा. उरलेल्या एकट्या चिंचोक्यातून सम-विषमही विनासायास कळतं. ते शब्द आत्ता सांगायची गरज नाही.

कुजबुज

एकेक मोजण्यातून टप्प्यावर जायचा सगळ्यात चांगला पूल म्हणजे कुजबुजत मोजणं. एक हळू, दोन मोठ्याने. तीन हळू, चार मोठ्याने. चिंचोके ओळीत ठेवून प्रत्येकाला बोट लावतच हे करायचं. दोन-तीन दिवसांनी हळू आकडे नुसते ओठांत म्हणायचे. त्यानंतर ते मनात, आणि मोठ्या आकड्याला टाळी. शेवटी हळू आकडे गळून पडतात आणि 'दोन, चार, सहा' उरतात. ते कुठून आले हे मुलाला ठाऊक असतं, आणि अडलं की ते स्वतःच पुन्हा कुजबुजीवर जातं. अडल्यावर आधार घ्यायला जागा असणं मला फार महत्त्वाचं वाटतं. नुसतं पाठ असलं की एक आकडा विसरला तरी सगळा डोलारा कोसळतो.

तीन आणि चारच्या टप्प्यालाही हीच रीत: तीनला दोन आकडे हळू, तिसरा मोठ्याने; चारला तीन हळू, चौथा मोठ्याने.

दहा, आणि मग पाच

दोनानंतर पाचावर उडी घेण्याचा मोह होतो. मी आधी दहा घेते. दहा-दहा काड्यांचे रबरबँड लावून गठ्ठे करा. गठ्ठे मुलानेच बांधायचे, आयते बांधून दिलेत तर त्यात दहा आहेत यावर ते नुसता विश्वास ठेवतं. मग गठ्ठा खाली ठेवत दहा, वीस, तीस. शंभरानंतर मात्र थांबू नका. 'शंभर' झाल्यावर पुढचा गठ्ठा ठेवला की अनेक मुलं ठामपणे 'दोनशे' म्हणतात. त्यावर 'नाही, एकशेदहा' असं सांगण्याऐवजी ज्यांचे शंभर झाले ते दहा गठ्ठे एका मोठ्या रबरबँडमध्ये बांधा आणि बाजूला सुटा ठेवलेला गठ्ठा दाखवा. 'हे शंभर. आणि हे?' उत्तर त्याच्याकडूनच येईल.

पुढे गठ्ठ्यांच्या आधी तीन सुट्या काड्या ठेवून सुरुवात करा: तीन, तेरा, तेवीस, तेहेतीस. शून्यापासून निघणारा टप्पा पाठ होऊ शकतो, मधूनच निघणारा होत नाही, तो समजावाच लागतो. तक्त्यावर हेच उभ्या रांगेत दिसतं: एका घरातून सरळ खाली उतरलं की दहा वाढतात.

नऊपासून दहाच्या टप्प्याने जाताना आपल्या भाषेची एक गंमत मुलांच्या हाती लागते. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, असं करत एकोणनव्वद, आणि नंतर? मूल बहुधा 'एकोणशंभर' म्हणतं. तर्क बिनचूक आहे त्याचा! हसा, शाबासकी द्या आणि 'आपण त्याला नव्व्याण्णव म्हणतो' हे सांगून मोकळे व्हा.

पाचाचा टप्पा तळहातांवर. घरातल्या सगळ्यांचे हात जमिनीवर टेकवायचे आणि मुलाने प्रत्येक पंजावर टपली मारत मोजायचं. दोन पंजे झाले की दहा, चार झाले की वीस. दर दुसरी टपली दहाच्या टप्प्यावर पडते हे कुणी न सांगता लक्षात येतं, आणि दहा आधी घेण्याचं कारण हेच.

पण पाचाच्या टप्प्यात मराठी मुलांची खरी अडचण आकड्यांच्या नावांची असते. पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट, पंच्याहत्तर, पंच्याऐंशी, पंच्याण्णव. प्रत्येकाचं रूप वेगळं, आणि पाच आधी ऐकू येतं, वीस नंतर. म्हणून लिहिताना २५ चे ५२ होतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' असंही वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. माझ्या मते घरी भांडायचं कारण नाही. नाव आपलं जुनंच घ्या, आणि काड्या ठेवताना मात्र फोडून सांगा: 'पंचवीस, म्हणजे वीस आणि पाच.' आधी दोन गठ्ठे, मग पाच सुट्या. हाताला क्रम कळला की लिहिताना होणारी उलटापालट कमी होते.

मूल इंग्रजी माध्यमात असेल तर आणखी एक गुंता. शाळेत 'ट्वेंटी फाइव्ह', आजीकडे 'पंचवीस'. दोन्ही येऊ द्यात, पण एका बैठकीला एकच भाषा ठेवा. टप्पा समजणं आणि नाव आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत, ती एकमेकांत अडकली की मुलाला आपल्याला गणितच येत नाही असं वाटायला लागतं.

पाच रुपयांची नाणी आणि घड्याळ हे नंतरचे सोबती. घड्याळात मोठा काटा एकावर असला की पाच मिनिटं, दोनावर दहा. इथे तेच दुहेरी भान लागतं: दिसतो आकडा तीन, म्हणायचं पंधरा.

निफाड, दिंडोरीकडे ज्यांची द्राक्षं आहेत त्यांच्यासाठी हंगामात एक नामी खेळ आहे. निर्यातीच्या पाच किलोच्या पेटीत अर्ध्या किलोचे दहा डबे, म्हणजे पनेट, बसतात. पेट्या रचलेल्या असताना मुलाला म्हणा, आधी डबे मोज: दहा, वीस, तीस, चाळीस. आता त्याच पेट्यांचे किलो मोज: पाच, दहा, पंधरा, वीस. पेट्या चारच, उड्याही चारच, पण पोचलो वेगवेगळ्या ठिकाणी. टप्पा कसला धरायचा हे आपण ठरवतो, ही गोष्ट याहून सोपी करून सांगता येईल असं मला वाटत नाही. द्राक्षं नसतील तर बुधवारी नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदाघाटावरच्या, बाजारात न्या. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या मोजणारा हात एकेक जुडी उचलत नाही, हे मुलाला पाहू द्या आणि 'ते कितीच्या टप्प्याने मोजताहेत?' एवढंच विचारा.

अंगणातली रेघ

गच्चीत किंवा पार्किंगमध्ये खडूने लांब रेघ मारा, पावलाइतक्या अंतरावर खुणा करा, शून्य ते वीस आकडे लिहा. शून्य विसरू नका. मूल शून्यावर उभं राहील आणि दोन-दोन घरं उडी मारत जाईल.

इथे हमखास होणारी चूक अशी की मूल उभं असलेलं घरही उडीत मोजतं, आणि दोनाऐवजी एकावर येऊन पडतं. तोंडी सांगून हे सुटत नाही. शून्यावर दोन्ही पाय टेकवून विचारा, 'आतापर्यंत किती उड्या?' उत्तर 'एकही नाही.' मग उडी. पुन्हा 'किती उड्या?' 'एक.' 'कुठे आलास?' 'दोनवर.' प्रत्येक उडीनंतर हे दोन प्रश्न. कंटाळवाणं वाटेल, पण सगळ्या लेखातला एकच भाग करायचा असेल तर हा करा.

सरावल्यावर उडीच्या आधी भाकीत करायला लावा. 'तीनच्या उड्या मारत निघालास तर बारावर पाय पडेल का? चौदावर?' आधी सांगायचं, मग उडी मारून पडताळायचं. नंतर वीसवरून मागे. उलटं मोजणं मुलांना फार जड जातं, तेव्हा दोनाच्या आणि पाचाच्या पलीकडे उलट जाण्याचा आग्रह पहिलीत धरू नका.

तीन आणि चार

तीनसाठी बोटांची पेरं. अंगठ्याने एकेका बोटाची तीन पेरं मोजत गेलं की चार बोटांत बारा होतात. आज्या जप असाच मोजतात, तेव्हा शिकवणारी व्यक्ती बहुधा घरातच असते. रिक्षांची चाकंही चालतील: रिक्षास्टँडवर पाच रिक्षा, चाकं किती?

चारसाठी गाड्यांची चाकं, खुर्च्यांचे पाय. आणि एक युक्ती: दोनाच्या टप्प्यात एकाआड एक आकड्यावर टाळी वाजवली की चारचा टप्पा तयार होतो. सहा, सात, आठ सध्या राहू द्या.

याच सुमाराला तक्ता रंगवायला काढा. दोनाचा टप्पा रंगवला की उभे पट्टे येतात, पाचाचे दोनच पट्टे, दहाचा एक. तीन रंगवले की तिरक्या रेघा उतरतात, आणि मुलं हमखास 'अरे!' करतात. नऊ रंगवायला सांगा: नऊ, अठरा, सत्तावीस. दर वेळी एक ओळ खाली आणि एक घर डावीकडे. का, हे विचारा. 'दहा पुढे जाऊन एक मागे' हे उत्तर मुलाने स्वतः शोधलं तर त्या दिवशी आणखी काही शिकवू नका.

आता पाढा

इथवर आलेल्या मुलाला पाढा नवीन वाटत नाही. 'बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ' यात उड्यांची संख्याही आहे आणि पोचण्याचं ठिकाणही. 'चोक' म्हणजे चौथी उडी. पाढा म्हणताना मुलाला उड्यांची बोटं धरायला लावा. मग मधूनच अडवा: 'पाच सक?' सहा बोटं, सहा उड्या, तीस. 'पाच सातीला किती?' तिसावरून आणखी एक उडी, पस्तीस. पाढा पहिल्यापासून न म्हणता शेजारच्या आकड्यावरून पुढे जाता येणं, ही खूण दिसली की निर्धास्त व्हा. पाठांतराला माझा विरोध नाही. उलट आपल्या पाढ्यांची लय इतकी पक्की आहे की ती सोडणं वेडेपणाचं ठरेल. फक्त ती यानंतर यावी.

वेळेचं म्हणाल तर दिवसाला दहा मिनिटं खूप झाली, आणि मूल अजून खेळायच्या मूडमध्ये असतानाच थांबा. चूक झाली की लगेच 'चुकलं' म्हणू नका, 'मोजून बघूया का?' म्हणा. मात्र हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारत चला. नाहीतर प्रश्न आला म्हणजे चुकलं, एवढं मुलं दोन दिवसांत ओळखतात.

थोड्या मोठ्या भावंडासाठी

घरात तिसरी-चौथीतलं मूल असेल तर त्याला बाराचा टप्पा सिंहस्थावर द्या. नाशिकचा कुंभमेळा २००३ साली झाला, मग २०१५ साली, आता २०२७. त्या वेळी तुझं वय किती असेल, आणि त्याच्या पुढच्याला?

दुसरं कोडं आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं. देवळालीच्या शाळेत गणित शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) आकड्यांशी असेच खेळत असत. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक जगभर माहीत आहे. त्यांचा आणखी एक खेळ असा: कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिचेच अंक मिळवा. २३ मध्ये २ आणि ३ मिळवले की २८. २८ मध्ये २ आणि ८ मिळवले की ३८. मग ४९, मग ६२. इथे टप्पा दर वेळी बदलतो, पण नियम एकच. काही संख्या मात्र अशा आहेत की दुसऱ्या कुठल्याही संख्येपासून या रीतीने त्या तयारच होत नाहीत. त्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटलं, आणि देवळाली संख्या हेही त्यांचंच नाव. शंभरच्या आत त्या १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७ आहेत. तक्त्यावर रंगवायला द्या. नऊपर्यंत दोनाचा टप्पा आणि तिथून पुढे अकराचा: एक ओळ खाली, एक घर उजवीकडे. शंभर ओलांडल्यावर १०८ येते, म्हणजे टप्पा टिकतो. त्यानंतर ११९ यावी असं वाटतं, पण येते ११०. कागद-पेन्सिल देऊन ११९ कुठल्या संख्येपासून तयार होते ते शोधायला सांगा. उत्तर शंभर आणि एकशे दहा यांच्या मधेच कुठेतरी आहे.